पाचशे डॉलरची नोंद: अमेरिकन फुटबॉलमध्ये पैसा शिरला तेव्हा

जुनी वही

ओहायोतल्या कँटन गावी प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम आहे. हेल्मेटं, जर्सी, पुतळे असं तिथे रग्गड मांडून ठेवलंय, पण त्या सगळ्यात मला भारी वाटतो तो जमाखर्चाचा एक कागद. ॲलेघेनी ॲथलेटिक असोसिएशनचा. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गला नदीपलीकडून खेटून असलेल्या ॲलेघेनी शहरातला हा क्लब (ते शहर पुढे पिट्सबर्गातच विलीन झालं). सामना १२ नोव्हेंबर १८९२ चा. तिकिटांची जमा १,६८३ डॉलर ५० सेंट. खर्चात प्रतिस्पर्धी संघाला कबूल केलेले ४२८, मैदानाचं भाडं ५०, बाहेरून आणलेल्या तीन खेळाडूंचा खर्च ७५, त्यांचं हॉटेलचं बिल ९. आणि मग ती ओळ: डब्ल्यू. हेफेलफिंगर, खेळल्याबद्दल बक्षिसी, रोख, ५००. एकूण खर्च १,०६२, निव्वळ नफा ६२१ डॉलर ५० सेंट.

आज अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या या खेळाचा हा जन्मदाखला. बेरजा मी तपासून पाहिल्या, बरोबर आहेत.

विल्यम हेफेलफिंगर, टोपणनाव 'पज', हा येल विद्यापीठाचा गार्ड, म्हणजे आघाडीच्या फळीतला खेळाडू. धिप्पाड, आणि सलग तीन वर्षं देशातल्या सर्वोत्तम अकरा जणांत निवडला गेलेला. शिक्षण संपवून ओमाहाला रेल्वेच्या कचेरीत चिकटला होता. रजा टाकून शिकागोच्या एका क्लबाबरोबर पूर्वेकडे सामने खेळत फिरत होता, तिथून त्याला ॲलेघेनीवाल्यांनी उचलला.

गावातल्या गावात खुन्नस होती, म्हणून हा आटापिटा. पिट्सबर्ग ॲथलेटिक क्लबाशी ऑक्टोबरात ६-६ अशी बरोबरी झाली होती. त्या सामन्यात पिट्सबर्गने पेन स्टेट कॉलेजचा कप्तान खोट्या नावाने खेळवला, असा आरोप झाला. मग परतीच्या सामन्याला ॲलेघेनीने थेट हेफेलफिंगरच उभा केला. त्याला पाहून पिट्सबर्गवाले भडकले, खेळणारच नाही म्हणाले. बराच वेळ हुज्जत झाली आणि शेवटी सगळ्या पैजा रद्द, हा नुसता मैत्रीचा सामना, अशा अटीवर खेळ झाला. हेफेलफिंगरने सुटलेला चेंडू उचलून थेट समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन केलं. ॲलेघेनी ४-०.

पैसे दिल्याचं अर्थात कुणी कबूल केलं नाही. हौशी खेळाडूने पैसा घेतला की तो बाटला, असा तो काळ. क्लबांवर ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियन या हौशी खेळांच्या संघटनेची नजर असायची, म्हणून पळवाटाही एकेक नामी होत्या. खेळाडूला 'बक्षीस' म्हणून सोन्याचं घड्याळ द्यायचं. तो ते गहाण टाकून रोकडा उचलणार, क्लब सोडवून आणणार आणि पुढच्या सामन्यानंतर तेच घड्याळ पुन्हा त्यालाच बक्षीस! ॲलेघेनीवाल्यांनी एवढाही खटाटोप केला नाही. रोख दिले आणि इमानदारीत वहीत लिहूनही ठेवले.

आणखी एक. हा सामना चालू होता तेव्हा तिथून काही मैलांवर होमस्टेडच्या कार्नेगी पोलाद कारखान्यातले कामगार जुलैपासून बाहेर होते. गोळीबार झाला होता, माणसं मेली होती, सरकारी फौज येऊन बसली होती. सामन्यानंतर आठवडाभरात संप मोडला. खेळून पैसे घेणं कमीपणाचं का मानत असत, हे त्या गावात बघितलं की उमगतं. पैशासाठी अंग झिजवणारे वेगळे आणि क्लबात येणारे वेगळे, ती रेघ पुसली जाऊ नये हीच काळजी. गंमत म्हणजे १९०० आणि १९०१ साली सगळ्यात तगडा पगारी संघ कुणाचा होता? होमस्टेडच्याच लायब्ररी अँड ॲथलेटिक क्लबाचा. ती लायब्ररी कार्नेगीने बांधून दिलेली.

पुढचं हळूहळू लिहितो. तोवर माहितगारांनी भर घालावी.

वरणफळ

वाचतेय. ४-० कसं काय? टचडाउनचे सहा ना? आणि ही वही इतकी वर्षं होती कुठे?

जुनी वही

तेव्हा टचडाउनचे चार, त्यानंतरच्या किकचे दोन आणि फील्ड गोलचे चक्क पाच गुण मिळत. म्हणजे नुसत्या पायाने मारलेल्या गोलाला जास्त किंमत. टचडाउनचे १८९८ साली पाच झाले, १९१२ साली सहा. चेंडू हाताने समोरच्या दिशेने फेकायला (फॉरवर्ड पास) तर परवानगीच नव्हती, ती १९०६ साली आली. आधीच्या हंगामात कॉलेजांच्या मैदानांवर इतकी पोरं दगावली की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना लक्ष घालावं लागलं. त्यानंतर खेळ मोकळा करण्यासाठी जे बदल झाले त्यांतला हा एक.

वही उजेडात आली थेट १९६० च्या दशकात. तोवर पहिला व्यावसायिक म्हणून मान होता जॉन ब्रॅलिअरचा. ३ सप्टेंबर १८९५, लॅट्रोब विरुद्ध जेनेट, दोन्ही पिट्सबर्गच्या बाजूची छोटी गावं. लॅट्रोबच्या क्वार्टरबॅकला (चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू) नेमका बेसबॉलचा सामना होता, म्हणून कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या ब्रॅलिअरला दहा डॉलर अधिक खर्च देऊन बोलावलं. लॅट्रोब १२-० ने जिंकलं. हा गडी पुढे दंतवैद्य झाला, आपण पैसे घेतले हे त्याने कधी लपवलं नाही, आणि पुढे झालेल्या नॅशनल फुटबॉल लीगने त्याला सगळ्या सामन्यांचा तहहयात पासही दिला. तो वारला १९६० मध्ये. नंतर वही सापडली आणि मान गेला.

टवाळ

थोडक्यात काय, ज्याने खरं सांगितलं त्याला दहा डॉलर आणि ज्याने तोंड शिवलं त्याला पाचशे. काही बदललेलं नाही. (हलके घ्या.)

ओहायोकर

छान धागा. आमच्या ओहायोचं राहिलं, ते मी लिहितो.

पेनसिल्व्हेनियातली हवा १९०२ च्या सुमारास ओसरली आणि दुकान ओहायोत हललं. कँटन आणि मॅसिलन. दोन गावांत पंधरा किलोमीटरही अंतर नाही, आज गाडीने वीस मिनिटं. मॅसिलन टायगर्सनी आधी बाहेरचे खेळाडू आणायला सुरुवात केली, कँटनने त्यांच्यावर ताण करायला तिजोरी उघडली. १९०६ साली दोन सामने झाले, पहिला कँटनने जिंकला, दुसरा मॅसिलनने. लगेच मॅसिलनच्या एका पत्रकर्त्याने आरोप केला की कँटनचा प्रशिक्षक ब्लाँडी वॉलेस याने सामने 'ठरवून' खेळायचा घाट घातला होता. वॉलेसने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. खरं-खोटं आजही इतिहासकार चघळतात, पण लोकांचा विश्वास उडाला आणि दोन्हीकडचे मोठे संघ बसले.

पुन्हा धुगधुगी आली १९१५ साली. कँटनचा मॅनेजर जॅक क्युसॅक याने जिम थॉर्पला सामन्याला २५० डॉलर कबूल केले. हितचिंतकांनी त्याला वेड्यात काढलं. पण जिथे हजार-बाराशे डोकी यायची तिथे सहा-आठ हजार यायला लागली.

त्या वर्षीचा शेवटचा सामना म्हणजे नमुना आहे. मॅसिलनने पहिला १६-० ने मारला होता. परतीच्या सामन्यात थॉर्पने दोन फील्ड गोल मारले (तोवर गोलाचे तीन झाले होते) आणि कँटन ६-० ने पुढे. गर्दी इतकी की गोलरेषेमागे, म्हणजे खेळायच्या जागेतच, माणसं उभी. म्हणून रेषा ओलांडून गर्दीत शिरलेला खेळाडू बाहेर येताना चेंडू त्याच्या हातात असलाच पाहिजे, असं आधीच ठरलेलं. शेवटच्या मिनिटांत मॅसिलनच्या ब्रिग्जने पास पकडला, रेषा ओलांडून थेट गर्दीत घुसला, आणि चेंडू त्याच्या हातातून उडून बाहेर! कँटनच्या माणसाने त्यावर झडप घातली. ब्रिग्ज ओरडतोय, चेंडू मी सोडला नाही, एका पोलिसाने लाथ मारून उडवला, त्याचा गणवेश आणि पितळी बटणं मी डोळ्यांनी पाहिली. अडचण एवढीच की कँटनमध्ये तेव्हा गणवेशातला पोलीसच नव्हता.

लोक मैदानात उतरले. पंचांनी निकाल तिथे द्यायलाच नकार दिला, पाकिटात बंद करून हॉटेलच्या मॅनेजरकडे दिला, आणि तो वाचला गेला मध्यरात्र उलटून अर्ध्या तासाने. तोवर पंच गावाबाहेर. निकाल कँटनच्या बाजूने.

क्युसॅकने पुढे आठवणीत लिहिलंय की काही वर्षांनी त्याला ट्रामचा एक कंडक्टर भेटला. गणवेश, पितळी बटणं, सगळं जुळलं. त्याने कबूल केलं: लाथ मीच मारली, माझे तीस डॉलर लागले होते कँटनवर.

मधली सुट्टी

वा, कंडक्टर! मॅसिलनवाल्यांना सांगितलं असतं तर पुन्हा दंगल.

थॉर्पबद्दल एक भर. हा तोच, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णं जिंकलेला. त्याआधी दोन उन्हाळे नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला म्हणून १९१३ साली पदकं काढून घेतली. बाकीची कॉलेजची पोरं नाव बदलून तेच करत होती, हा स्वतःच्या नावाने खेळला. वर टवाळ म्हणतात तेच. १९८२ साली पदकं परत मिळाली ती संयुक्त विजेता म्हणून, आणि एकट्याच्या नावावर लागायला २०२२ उजाडलं. तो गेला १९५३ साली.

जुनी वही

ओहायोकर, कंडक्टरबद्दल विशेष धन्यवाद.

आता १९२०. संघ एकमेकांचे खेळाडू पळवत होते, त्यापायी पगार वाढत होते, आणि शिकत असलेली पोरं खोट्या नावांनी उतरत होती. तिन्ही दुखणी एकाच मुळाची. २० ऑगस्टला चार संघांचे लोक कँटनमध्ये राल्फ हे याच्या मोटारींच्या शोरूममध्ये जमले. कँटन बुलडॉग्ज तेव्हा त्याचा होता आणि तो हपमोबिल गाड्या विकायचा. १७ सप्टेंबरला पुन्हा बैठक, या वेळी दहा संघ. खुर्च्या पुरेनात, म्हणून माणसं गाड्यांच्या पायऱ्यांवर टेकली, मधे बादल्यांतून बिअर. जॉर्ज हॅलस त्या बैठकीत होता आणि हे वर्णन त्याचंच. दारूबंदी लागू झालेली होती, हे जाता जाता. प्रत्येक संघाने शंभर डॉलर भरायचे ठरलं, आणि हॅलसच्या म्हणण्याप्रमाणे कुणीच भरले नाहीत. तेवढी रोकड त्या खोलीत नव्हतीच.

अध्यक्ष जिम थॉर्प. कारभार बघायला नाही, नाव छापायला. पुढच्याच वर्षी जो कार नावाच्या खऱ्या कारभाऱ्याला बसवलं. १९२२ साली नाव नॅशनल फुटबॉल लीग झालं.

हॅलस स्वतः आला होता डिकेटर स्टेलीजचा माणूस म्हणून. स्टेली म्हणजे इलिनॉयमधला मक्याच्या स्टार्चचा कारखाना. खेळाडू कारखान्यात नोकरीला आणि सराव कामाच्या वेळात. १९२१ साली मालकाला हा खर्च झेपेना, त्याने हॅलसला ५,००० डॉलर देऊन संघ शिकागोला न्यायला सांगितलं, अट एकच, एक हंगाम स्टेली हे नाव ठेवायचं. १९२२ पासून तो झाला शिकागो बेअर्स.

वरणफळ

हे तर मुंबईतल्या कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धेसारखं, आपल्या टाइम्स शील्डसारखं! टाटा, मफतलाल, निर्लॉन, बँका. माझे बाबा सांगायचे की चांगला ऑफस्पिनर असेल तर बँकेत अर्ज लिहायचीही गरज नसे, टेबल मिळायचं आणि टेबलावर फाइल काही यायची नाही.

ओहायोकर

वरणफळताई, अगदी. पण कोलंबस पॅनहँडल्स बघा, ते उलट होते, खरंच घाम गाळणारे. पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या कोलंबसमधल्या वर्कशॉपचा संघ. नेसर घराण्यातले सहा भाऊ त्यात खेळले, बरेचसे बॉयलरवर काम करणारे. मॅनेजर होता हाच जो कार. त्याचं डोकं असं की रेल्वेच्या माणसांना प्रवास फुकट, म्हणून संघाने कायम दुसऱ्याच्या गावी जाऊन खेळायचं. मैदानाचं भाडं नाही, प्रवासखर्च नाही, वर यजमानांकडून ठरलेली रक्कम. शनिवारी दुपारपर्यंत हातोडा, रात्रभर गाडीत, रविवारी सामना, सोमवारी पुन्हा हातोडा. १९२१ साली टेड नेसर आणि त्याचा मुलगा चार्ली एकाच संघातून खेळले. बापलेक एकत्र खेळल्याचं लीगमधलं ते एकच उदाहरण आहे.

टवाळ

प्रवास भत्ता न मागणारे सरकारी कर्मचारी हवेत असे. असो. इतक्या गावठी कारभारातून ही एवढी मोठी लीग झाली कशी?

जुनी वही

एका कॉलेजच्या पोराने गर्दी दाखवली म्हणून. रेड ग्रेंज, इलिनॉय विद्यापीठ. वृत्तपत्रांनी डोक्यावर घेतलेला, सुट्टीत गावात घरोघर बर्फाच्या लाद्या पोचवणारा. सी. सी. पाइल नावाच्या थिएटरवाल्याने त्याचं मुखत्यारपत्र घेतलं. २१ नोव्हेंबर १९२५ ला तो कॉलेजचा शेवटचा सामना खेळला आणि पाचच दिवसांनी, थँक्सगिव्हिंगला, बेअर्सच्या जर्सीत उभा. सामना ०-०. पण प्रेक्षक ३६,०००! शिक्षण अर्धवट टाकून धंद्यात उतरला म्हणून विद्यापीठवाले खवळले, त्याच्या प्रशिक्षकाने अबोला धरला.

मग बेअर्सनी त्याला गावोगाव फिरवला. डिसेंबरच्या सुरुवातीला बारा दिवसांत आठ सामने. माणूस मोडायचाच, मोडला. पण त्यातल्या ६ डिसेंबरच्या सामन्याला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सत्तर हजारांच्या घरात लोक आले. न्यूयॉर्क जायंट्सचा मालक टिम मॅरा हा घोड्यांच्या शर्यतीवर पैजा घेणारा बुकी. संघ त्याने ५०० डॉलरला घेतला होता आणि त्या पहिल्याच हंगामात गळ्यापर्यंत बुडाला होता. एका दुपारीत तो तरला.

लीगने मात्र लगेच नियम केला की ज्याच्या वर्गाचं शिक्षण पूर्ण झालेलं नाही त्याला घ्यायचं नाही. ग्रेंजला घेऊन झाल्यावर.

कोळसा खाण

१९२५ चा विषय निघालाच आहे तर पॉट्सव्हिलचं नाव कुणीच घेत नाही? मी तिकडे नोकरीला होतो, त्या गावात हा विषय काढून बघा, जेवण थंड होतं.

पॉट्सव्हिल मरून्स. पेनसिल्व्हेनियात अँथ्रसाइट या कठीण कोळशाच्या पट्ट्यातलं गाव. ६ डिसेंबरला यांनी शिकागोत जाऊन शिकागो कार्डिनल्सना २१-७ असं हरवलं. गुणतक्त्यात वर कोण? पॉट्सव्हिल. विषय संपला की नाही? नाही. १२ डिसेंबरला ते फिलाडेल्फियात नॉत्र डाम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंशी मैत्रीचा सामना खेळले आणि ९-७ ने जिंकले. व्यावसायिक संघ कॉलेजवाल्यांना हरवू शकतो हे त्या काळी कुणाला पटत नव्हतं, ते यांनी दाखवलं. आणि याची शिक्षा काय? फिलाडेल्फिया हा फ्रँकफर्ड संघाचा इलाखा, तिथे खेळलात, म्हणून निलंबन!

तिकडे कार्डिनल्सनी घाईघाईत आणखी दोन सामने उरकले. त्यातला एक मिलवॉकीविरुद्ध, ज्यांच्याकडे खेळाडू पुरे नव्हते, म्हणून शाळेतली चार पोरं खोट्या नावांनी उतरवली. निकाल ५९-०. आणि अजिंक्यपद कार्डिनल्सना!

ओहायोकर

तुमचा राग समजू शकतो, पण दुसरी बाजूही सांगा. जो कारने सामन्याआधी पॉट्सव्हिलला बजावलं होतं की खेळू नका, इलाखा दुसऱ्याचा आहे. त्यांचं म्हणणं, लीगच्या कचेरीतून फोनवर होकार मिळाला होता. लेखी कागद कुठे? ही लीग उभी राहिली ती खेळाडू आणि इलाखे पळवायचे नाहीत या एका कलमावर. पहिल्या खेपेलाच ते सोडलं असतं तर कारने दुकान बंद करावं. शाळकरी पोरांच्या प्रकरणातही त्याने मिलवॉकीच्या मालकाला संघ विकायला लावला, कार्डिनल्सना १,००० डॉलर दंड केला. माणूस एकाच बाजूला झुकलेला नव्हता.

कोळसा खाण

दंड केला आणि विजय राहू दिला? कार्डिनल्सचा मालक ख्रिस ओब्रायन याने स्वतः ते पद घ्यायला नकार दिला होता, हेही लिहा की. पुढे १९३३ साली बिडविल कुटुंबाने संघ घेतला आणि मग हक्क सांगायला सुरुवात केली. मरून्सच्या लोकांनी अँथ्रसाइट कोळशाचा फुटबॉल कोरून घेतला, स्वतःचा चषक स्वतःच केला, आणि आज तो तुमच्या त्याच कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. पद द्यायचं नाही, चषक मात्र मांडायचा.

ओहायोकर

इलाखा तो इलाखा. आपलं जमायचं नाही. कोळशाचा चषक देखणा आहे, एवढं मान्य.

शमा

सगळं वाचलं. एका गोष्टीचा उल्लेख अजून आला नाही. यातले काळे खेळाडू कुठे गेले? ते होते ना.

चार्ल्स फॉलिस, ओहायोतल्या शेल्बी ब्लूज संघाशी १९०४ साली करार केलेला, पहिला काळा व्यावसायिक. त्याच संघात काही काळ ब्रँच रिकी नावाचा विद्यार्थी त्याच्याबरोबर खेळला. पुढे जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला गोऱ्यांच्या बेसबॉलमध्ये आणणारा तोच रिकी.

आणि फ्रिट्झ पोलार्ड. १९२० साली पहिलं अजिंक्यपद मिळवलेल्या ॲक्रन प्रोजचा हुकमी एक्का, पुढच्या वर्षी त्यांचा सहप्रशिक्षक. ब्राउन विद्यापीठात शिकलेला. तो सांगायचा की मैदानावर इतरांबरोबर कपडे बदलायची सोय नव्हती, संघमालकाच्या सिगारच्या दुकानात तयार व्हायचं, सामना सुरू होता होता गाडीतून मैदानावर यायचं. खाली पाडलं की तो लगेच पाठीवर वळून दोन्ही पाय वर धरायचा, बुटांचे खिळे समोर. मुद्दाम अंगावर उड्या मारणाऱ्यांसाठी. हॉल ऑफ फेमला त्याची आठवण झाली २००५ साली, तो जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर.

१९२० ते १९३३ या काळात लीगमध्ये मिळून तेरा काळे खेळाडू होते. १९३४ पासून शून्य. नियम कुठेही लिहिलेला नाही, म्हणजे या बाबतीत तुमची जमाखर्चाची वही सापडायची नाही.

जुनी वही

शमा, हा प्रतिसाद धाग्यात हवाच होता. १९३३ चे शेवटचे दोघे म्हणजे कार्डिनल्सचा जो लिलार्ड आणि पिट्सबर्गचा रे केम्प. मंदीत गोऱ्यांच्याच नोकऱ्या जात होत्या, अशी सबब मालक नंतर देत. बॉस्टनचा (नंतर वॉशिंग्टनचा) मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल याचं नाव या बंदीशी सगळ्यात जास्त जोडलं जातं, पण बाकीच्यांनीही तोंड उघडलं नाही, हॅलससकट.

बंदी सुटली तीही उपरतीने नव्हे. १९४६ साली क्लीव्हलँड रॅम्स लॉस एंजेलिसला गेले. तिथलं कोलिझियम सार्वजनिक पैशांवर चालणारं, आणि काळ्या पत्रकारांनी धरून लावलं की संघात काळे खेळाडू नसतील तर मैदान देऊ नका. मग केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतलं. मार्शल मात्र १९६२ पर्यंत अडून राहिला. शेवटी केनेडी सरकारने सांगितलं की नवं स्टेडियम सरकारी जमिनीवर आहे, भेदभाव करायचा तर दुसरीकडे खेळा. त्या वर्षी बॉबी मिचेल वॉशिंग्टनकडून खेळला.

टवाळ

म्हणजे इथेही भाडेकराराचाच कागद कामाला आला.